आईला विचारून आखलेली सहल

घोटीच्या नाक्यावर चार दिशांचे रस्ते भेटतात. मुंबईहून कसारा घाट चढून, इगतपुरी मागं टाकून आलेली गाडी सरळ गेली तर पस्तीसेक किलोमीटरवर नाशिक. उजव्या हाताला वळली तर एक रस्ता भंडारदऱ्याला आणि एक सिन्नर-शिर्डीकडं. डाव्या हाताला वैतरणेच्या अंगानं त्र्यंबक. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी सकाळी हा नाका गाड्यांनी भरून जातो. मंडळी चहाला उतरतात, मुलं भज्यांच्या कढईकडं धावतात, जावई आणि मेहुणे मोबाइलवर नकाशा उघडून 'आधी रंधा की आधी धरण' ठरवत उभे राहतात. आणि मागच्या सीटवर दोघांच्या मधे बसवलेली आजी काचेतून बघत असते. कुणीतरी विचारतं, "आजी, उतरतेस का? पाय मोकळे कर." ती म्हणते, "नको रे, मी बरी आहे इथंच."

मी घोटीचाच. हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो, आमच्या घरातही ऐकलं आणि दर वेळी खरं मानलं. त्याचा अर्थ कळायला आईला एकदा पडावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी मावशी पुण्याहून आली होती. दोघी बहिणी सत्तरीच्या पुढच्या, माझे वडील नाना अठ्ठ्याहत्तरचे. मी हौसेनं बेत आखला. सकाळी सातला निघायचं, भंडारदऱ्याचं धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, परतताना टाकेद आणि रात्री घरी जेवण. कागदावर सगळं व्यवस्थित बसत होतं, कारण मी वेळ गाडीच्या वेगावर मोजला होता. आईच्या गुडघ्यांचा वेग त्यात कुठंच नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला रतनवाडीत गाडीतून उतरताना तिनं दार धरलं, एक पाय जमिनीला टेकवला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती खालीच बसली. मनगट सुजलं. हाड वाचलं हे नशीब. मी घाबरून ग्लुकोज, कांदा, काय काय शोधत होतो, तेव्हा मावशीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "अरे, तिनं काल संध्याकाळपासून पाणी घेतलेलं नाही. सकाळचा चहासुद्धा अर्धाच कप. वाटेत कुठं जायचं, या काळजीनं." बीपीची गोळी मात्र आईनं नेमानं घेतली होती.

तेव्हा मला नाक्यावरचं ते वाक्य समजलं. "मी बरी आहे इथंच" म्हणजे उतरायला सीट उंच आहे, गुडघा वाकत नाही, स्वच्छतागृह कुठं आहे हे चारचौघांत विचारायची लाज वाटते, असलं तरी ते स्वच्छ असेल का आणि बसून उठता येईल का याची धास्ती आहे, आणि माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको. एवढं सगळं त्या चार शब्दांत असतं.

आईच्या पडण्यामागचं शरीराचं गणित समजून घेतलं की सहलीचा निम्मा बेत आपोआप बदलतो. वय वाढलं की तहान कमी लागते. शरीराला पाण्याची गरज तेवढीच असते, पण तिची वर्दी मेंदूला उशिरा पोचते. मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकदही उतरलेली असते. म्हणजे म्हातारं माणूस कमी पितं आणि तरी जास्त गमावतं. त्यात दोन-दोन तास गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसलं की रक्त पायांत साठतं. आपण एकदम उभे राहिलो तर रक्तवाहिन्या क्षणात आवळल्या जाऊन रक्तदाब सावरतो. सत्तरीतल्या शरीराला ते सावरायला वेळ लागतो, आणि बीपीच्या काही गोळ्या तो वेळ आणखी वाढवतात. मधल्या त्या अर्ध्या-एक मिनिटात माणूस पडतं. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती, आणि खुबा मोडला की महिनोन्‌महिने अंथरूण. म्हणून गाडी थांबल्यावर दार उघडून लगेच "चला, चला" म्हणू नये. बसल्या जागी दहा-पंधरा वेळा पावलं वर-खाली करू द्यावीत, पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसू द्यावं, मग हात द्यावा. आमच्याकडं आता हा नियमच झाला आहे, आणि त्याला फार तर दोन मिनिटं लागतात.

आणि म्हणूनच माझं ठाम मत झालं आहे की ज्येष्ठांबरोबरच्या सहलीचा नकाशा स्थळांपासून सुरू करायचा नसतो. आधी स्वच्छतागृहं मांडायची, मग त्यांच्या मधे स्थळं बसवायची. दीड तासाच्या आत एक खात्रीचा थांबा हवाच. हायवेवर मोठी हॉटेलं आणि पेट्रोलपंप आहेत, तिथं सोय होते. घोटीतून भंडारदऱ्याच्या किंवा वैतरणेच्या रस्त्याला वळलं की मात्र ती चटकन सापडत नाही, तेव्हा नाक्यावरच उरकून घ्यावं. गुडघ्यांमुळं खाली बसता येत नसेल तर मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते. ती डिकीत बसते. आई सुरुवातीला "हे काय लोकांना दाखवत हिंडायचं" म्हणून रुसली होती. मग ताईनं खुर्चीला जुन्या चादरीची पिशवी शिवली आणि प्रश्न मिटला. त्या दिवसापासून आई प्रवासात पाणी पिते. आमच्या घरच्या सहलींत इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीनं पडला नाही.

नुसतं "पाणी पी" म्हणून कुणी पीत नाही, हेही सांगतो. हातात भांडं द्यावं लागतं. पातळ ताक, लिंबू सरबत, भाताची पेज जे आवडत असेल ते, तासातासाला थोडं थोडं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप बांधून दिलं असेल तर ते माप पाळायचं.

औषधांबाबत तीन चुका मी जवळून पाहिल्या आहेत. पहिली, लघवीची गोळी गुपचूप चुकवणं. सूज किंवा हृदयासाठी ही गोळी घेणारी कितीतरी माणसं प्रवासाच्या दिवशी ती घेत नाहीत, आणि दोन दिवसांनी पाय सुजतात, धाप लागते. ही गोळी कितीला घ्यायची ते डॉक्टरांशी बोलून सहसा पुढं-मागं करता येतं, पण विचारलं पाहिजे. दुसरी चूक मधुमेहाची. सकाळची गोळी किंवा इन्शुलिन वेळेवर आणि जेवण मात्र "धरण बघून झाल्यावर". साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडं होतं किंवा भलतंच बोलू लागतं, आणि आपल्याला वाटतं की प्रवासानं दमले. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत पुन्हा बघावं आणि मग काहीतरी पोटभरीचं खायला घालावं. पुढच्या सीटच्या खिशात साखरेची पुडी आणि बिस्किटं कायम ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. इन्शुलिनचं वापरात असलेलं पेन घरातल्या साध्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतं, पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते खराब होतं. बर्फाला लावूनही ठेवू नये.

तिसरी चूक सगळ्यात निरागस दिसते. कसारा घाटात गाडी लागते म्हणून आपण सगळ्यांना एकेक उलटीची गोळी वाटतो. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि म्हाताऱ्या माणसाला तर तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडणं असे त्रास होऊ शकतात. घरातल्या डब्यातली गोळी आजोबांना देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. त्याआधी पुढची सीट द्या, काच थोडी खाली करा, हलकं खायला घाला. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं.

मुंबईकरांसाठी घाटाला आता दुसरा पर्यायही आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. या टप्प्यात इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यामुळं कसाऱ्याची वळणं टळतात, पोटातलं ढवळणं टळतं, वेळ वाचतो. ज्येष्ठांसाठी मी हाच रस्ता सुचवतो. एवढंच लक्षात ठेवा की चढल्यावर वाटेल तिथं उतरता येत नाही आणि सोयी एकमेकींपासून लांब आहेत, तेव्हा चढण्याआधी थांबून घ्या.

गाडीचंही थोडं बोललं पाहिजे. हल्ली सहलीला उंच गाड्या काढतात. आत ऐसपैस असतात, पण पायरी म्हाताऱ्या गुडघ्यासाठी फार वर असते. आम्ही देवघरातला जुना सागवानी पाट गाडीत टाकला. गाडी थांबली की आधी पाट उतरतो, मग आई. त्याला खालून रबराची पट्टी ठोकून घेतली, नाहीतर ओल्या फरशीवर तो सरकतो. पाट ठेवणं हे आमच्या पुतण्याचं काम आहे आणि तो ते कुणाला करू देत नाही. नाना पुढं बसतात, आई मागं दाराशी. मधली सीट ज्येष्ठांना कधीच द्यायची नाही. चार तासांच्या वर सलग बसणं रक्ताच्या गाठींच्या दृष्टीनंही वाईट, म्हणून थांबा नसेल तिथं बसल्या बसल्या घोटे फिरवायला लावायचे.

एसटीनं जाणारेही खूप आहेत. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट आहे, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या वयाच्या बायकांना निम्मं. आधार कार्ड जवळ हवं. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये थांबली, पण आरक्षण करताना खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा अजून आहे. पुरुषांना 60 पासून आणि बायकांना 45 पासून तो मागता येतो. रेल्वेनं येणार असाल तर घोटीपेक्षा इगतपुरीला किंवा नाशिक रोडला उतरणं सोपं. या लोहमार्गानं 1865 मध्ये घाट ओलांडला, तेव्हापासून नाशिक-त्र्यंबकची यात्रा म्हाताऱ्या माणसांच्या आवाक्यात आली. त्याआधी घाट चढायचा म्हणजे बैलगाडी, डोली नाहीतर स्वतःचे पाय.

आता जायचं कुठं? घोटीपासून तासा-दीड तासाच्या आत इतकं काही आहे की दिवसाला एकच जागा घेतली तरी चार दिवस पुरतील. आणि एकच घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सकाळी एक जागा, दुपारी जेवून आडवं होणं, संध्याकाळी जमलं तर चहा घेऊन जवळच एक चक्कर.

भंडारदरा अशा मुक्कामाला उत्तम. प्रवरेवरचं हे दगडी धरण 1926 मध्ये पुरं झालं. जलाशयाचं पाणी, समोरचे डोंगर आणि ढग हे सगळं शेंडी गावात खुर्ची टाकून बसूनसुद्धा दिसतं. एमटीडीसीचं निवासस्थान तिथंच आहे. रंध्याचा धबधबा मात्र पाहायचा तर ओल्या पायऱ्या आणि गर्दी यांच्याशी गाठ आहे. ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी उतरावं, बाकीच्यांनी वर थांबावं, आणि त्यांच्याजवळ घरातलं कुणीतरी थांबावं. "तुम्ही बसा, आम्ही आलोच" म्हणून सगळे उतरून जातात आणि दीड तासानं येतात, तेव्हा वर बसलेल्या माणसाच्या मनाला काय वाटत असेल याचा विचार करा.

त्याच रस्त्यावर बारी लागते. 1646 मीटरचं कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, इथून चढतात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, ते ज्येष्ठांचं काम नाही. पण पायथ्याच्या गावातही कळसूबाईचं देऊळ आहे. रस्त्याकडेला गाडी लावली की शिखर समोर दिसतं. सकाळी धुकं फाटतं तेव्हा वरचं देऊळ ठिपक्याएवढं ओळखू येतं. मावशीनं तिथूनच हात जोडले आणि म्हणाली, "बाई, तू तिथून बघ, मी इथून बघते." तिच्या त्या दर्शनात मला काहीही कमी वाटलं नाही.

सर्वतीर्थ टाकेद हे जटायूच्या कथेचं ठिकाण. रामानं बाण मारून जटायूसाठी पाणी काढलं अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, एरवी शांत असतं. कावनईचं कपिलधारा तीर्थही घोटीच्या जवळ, आणि सिंहस्थाचं मूळ स्थान हेच असं इथले लोक श्रद्धेनं सांगतात. दोन्हीकडं कुंडांच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. म्हाताऱ्या माणसाला पायरीवर उतरवू नका, तांब्यात पाणी आणून हातावर घाला. नाशिकच्या पुढं साठेक किलोमीटरवर सप्तशृंगगडाला तर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. पाचशेच्या आसपास पायऱ्या चढवत नाहीत म्हणून जी माणसं वर्षानुवर्षं खालूनच नमस्कार करत होती, ती आता देवीपुढं उभी राहतात. अशा सोयी गावोगावच्या गडांवर व्हायला हव्यात, कारण 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा माणसं साठीच्या पुढची होती आणि तो आकडा वाढतच आहे.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या रानात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं लखलखतात. ज्येष्ठांना हे जरूर दाखवावं, पण शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या रात्री तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, त्यात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बाहेर पडता येत नाही. मधल्या वारी गाडी एका बाजूला उभी करून, दिवे बंद करून, काच खाली करून आतूनच पाहता येतं. काळोखात दगडधोंड्यांतून चालवत नेऊ नये. मोबाइलचा टॉर्च तर लावूच नये, काजव्यांनाही तो त्रासाचा.

एवढी स्थळं सांगितली, तरी आमची सगळ्यात चांगली सहल यातल्या एकाही ठिकाणी झाली नाही. आई पडल्यानंतर वर्षभर आम्ही कुठं गेलोच नव्हतो. पुढच्या आषाढात मी पहिल्यांदा नानांना सरळ विचारलं, "नाना, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "आवणी बघायची आहे." उभी हयात भाताच्या गिरणीत गेलेला माणूस. पोत्यातला भात त्यांनी लाखांनी पाहिला, पण लहानपणी आजोळी केलेली भातलावणी त्यानंतर पाहायलाच मिळाली नव्हती.

वैतरणेच्या रस्त्याला ओळखीच्या एका शेतकऱ्याचं खाचर होतं. घरून पंधरा-वीस मिनिटं. प्लास्टिकची हाताची खुर्ची नेली, मोठी छत्री नेली, थर्मासमध्ये चहा. बांध रुंद होता तिथं, रस्त्यापासून दहा पावलांवर, खुर्ची टाकली. खुर्चीचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली फळी. समोर चिखलणी झालेलं खाचर, गुडघाभर पाण्यात बायकांची ओळ, हातात इंद्रायणीच्या रोपांच्या जुड्या. पाऊस भुरभुरत होता. नाना दोन तास एका जागी बसले. मधेच म्हणाले, "जुडी सैल बांधली आहे." त्या ओळीतली एक आजीबाई हे ऐकून हसली आणि म्हणाली, "बाबा, इतकं कळतं तर या खाली." नानांनी पायातली चप्पल काढली. मी पुढं झालो, त्यांनी मला हातानं थांबवलं. खुर्चीतच बसून त्यांनी अनवाणी पाय बांधाच्या ओल्या गवतावर टेकवले आणि तसेच बसून राहिले. घरी येताना गाडीत ते आजोळाबद्दल जेवढं बोलले तेवढं मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्या दिवसाचा खर्च पेट्रोल आणि चहा एवढाच. जोखीम जवळजवळ शून्य. आई आणि मावशी गाडीत दारं उघडी टाकून बसल्या होत्या, आणि त्या दिवशी आईनं "मी बरी आहे इथंच" म्हटलं तेव्हा ते खरंच होतं.

मुक्काम करायचा असेल तर खोली ठरवताना फोनवर "ज्येष्ठांसाठी सोय आहे का" असं मोघम विचारू नका, "हो" असंच उत्तर येतं. खोली तळमजल्यावर आहे का, गाडीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, कठडा आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे एकेक विचारा आणि न्हाणीघराचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "लिफ्ट आहे". लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत जायला अकरा पायऱ्या होत्या. घरून एक रबरी चटई, एक छोटा रात्रीचा दिवा आणि त्यांची रोजची उशी न्या. नव्या जागी मध्यरात्री उठल्यावर दार कुठं, भिंत कुठं हे उमगत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्यांना तर संध्याकाळनंतर नवी जागा फार घाबरवते. झोपण्याआधी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट त्यांना हात धरून एकदा चालवून दाखवा.

एक कागद मात्र प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात हवा. मोबाइलमध्ये असलेलं पुरत नाही, कारण फोन कुलूपबंद असतो. नाव, आजार, गोळ्यांची नावं आणि वेळा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि घरच्या दोघांचा नंबर. औषधं दोन दिवसांची जास्त आणि दोन वेगळ्या बॅगांत. रुग्णवाहिकेला 108, कुठल्याही संकटात 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033, ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567. घोटीच्या परिसरात धामणगावला एसएमबीटीचं मोठं रुग्णालय आहे, पुढं नाशिक. भंडारदऱ्याच्या आत, रतनवाडी-घाटघरच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून छातीत दुखणं, एकाएकी तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांपैकी काहीही दिसलं तर 'जरा बरं वाटेल' म्हणून थांबू नये. गाडी फिरवायची. ज्यांची तब्येत नुकतीच बिघडून सावरली आहे त्यांनी रेंज आणि दवाखाना जवळ असेल तिथंच मुक्काम करावा.

राहता राहिलं त्र्यंबक. घोटीतून वैतरणेच्या रस्त्यानं गेलं की प्रवासच निम्मी सहल होतो. ब्रह्मगिरी चढायचा नाही, त्याकडं खालून बघायचं. कुशावर्तावर वरच्या पायरीवर बसायचं. दर्शनाच्या रांगेत तास न्‌ तास उभं राहणं हीच खरी अडचण, म्हणून सोमवार, श्रावण आणि सुट्ट्या टाळायच्या, आणि ज्येष्ठांसाठी त्या वेळी काय व्यवस्था आहे ते आधी देवस्थानाकडं विचारून घ्यायचं. सिंहस्थाची पर्वस्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. 2003 च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. पर्वाच्या दिवशी म्हाताऱ्या आई-वडिलांना तिथं नेऊ नये, ते स्वतः कितीही म्हणाले तरी त्यांना समजावावं. गोदावरीचं पाणी इतर दिवशीही तेच असतं.

आईचं त्र्यंबक अजून व्हायचं आहे. विचारलं तेव्हा तिनं तेच सांगितलं. आवणी उरकली की एखाद्या बुधवारी सकाळी सातला निघायचं ठरलं आहे. कमोड खुर्ची, पाट, ताक आणि साखरेची पुडी यांची यादी तिनं स्वतः लिहून फ्रिजला लावली आहे. तुमच्याही आई-वडिलांचं एखादं ठिकाण राहिलं असेल. आज जेवताना त्यांना विचारा, आणि ते "काही नाही रे" म्हणाले तर पुन्हा एकदा विचारा.